पोफळीचे पाणी, अंजनवेलचा डॉलर

थ्रेड | स्वस्त विजेच्या इतिहासातील दोन वाटा

१. नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून तयार होते, अशा मजकुराची चित्रे समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. त्यांखालचा अभिप्रायही ठरलेला असतो: “त्यांच्याकडे डोंगर आहेत, धबधबे आहेत, माणसे जेमतेम पंचावन्न लाख. आपल्याला हे कसे जमायचे?” हा अभिप्राय ऐकायला शहाणपणाचा वाटतो, इतिहासाच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही. ते दाखवण्यासाठी हा थ्रेड आहे, आणि त्याचा पुरावा दूर ओस्लोत शोधण्याची गरज नाही. तो रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदीच्या काठावर आहे.

२. नकाशा उघडा. चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी आहे. तिथे डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजगृह आहे. तिथून निघालेले पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते, चिपळुणावरून वाहते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यात, गोपाळगडाच्या सावलीत अंजनवेल आहे. तिथे एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प उभा राहिला. एका नदीच्या दोन टोकांना, जवळजवळ समान क्षमतेची, दोन हजार मेगावॉटच्या आसपासची दोन केंद्रे. एकाने राज्य उजळले, दुसऱ्याने राज्याच्या वीज मंडळाचे कंबरडे मोडले. डोंगर तोच, पाऊस तोच, माणसेही तीच. मग फरक कशाने पडला?

३. आधी नॉर्वेकडे जाऊ. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा तो युरोपातील गरीब देशांपैकी एक होता. मासेमारी, लाकूड, जहाजे आणि अमेरिकेकडे निघालेले तरुण, ही त्याची ओळख. धबधबे होते, पण तिथल्या कायद्यानुसार धबधबा ज्याच्या जमिनीतून वाहतो त्याच्या मालकीचा. शेतकरी ते विकत होते आणि परदेशी भांडवल ते घेत होते. निसर्ग भरभरून होता; तो हातातून निसटत होता. ज्या “नैसर्गिक भाग्या”चा आज दाखला दिला जातो, ते त्या वेळी लिलावात निघाले होते.

४. १९०६ साली नॉर्वेच्या संसदेने घाईघाईने एक कायदा केला. शासनाच्या परवानगीवाचून परदेशी कंपन्यांना धबधबे विकत घेता येणार नाहीत, असा त्याचा आशय. विरोधकांनी त्याला कुचेष्टेने “धास्तीचा कायदा” म्हटले. ते नाव तसेच चिकटले. पुढे १९०९ आणि १९१७ च्या कायद्यांनी ही धास्ती धोरणात बदलली. खासगी कंपनीला परवाना मिळेल, पण साठ ते ऐंशी वर्षांच्या मुदतीचा. मुदत संपली की धबधबा, धरण, यंत्रे असे सर्व काही विनामोबदला राज्याकडे परत येईल.

५. हे सहज घडले असे समजू नका. “ही तर मालमत्तेची लूट आहे,” अशी ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९१८ साली चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने राज्याकडे परत येण्याची ही अट वैध ठरवली. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता, तर आज आपण पाहतो तो नॉर्वे कदाचित वेगळा असता. ज्यांना हे सर्व भूगोलाचे दान वाटते, त्यांनी या एका मताचा विचार करावा.

६. त्या कायद्यांतील दुसरी तरतूद आपल्यासाठी अधिक मोलाची आहे. ज्या पालिकांच्या हद्दीतील पाणी वापरले जाते, त्यांना प्रकल्पातील विजेचा दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा साधारण उत्पादनखर्चाच्या दराने मिळण्याचा हक्क आहे. वर परवाना शुल्क वेगळे. दरीतल्या गावाने पाणी द्यायचे आणि उजेड शहराने भोगायचा, हा व्यवहार तिथे कायद्याने रोखला. आज नॉर्वेची सुमारे नव्वद टक्के जलविद्युत क्षमता राज्य, प्रांत आणि पालिका यांच्या मालकीची आहे.

७. नॉर्वे स्वर्ग नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. अल्टा नदीवरील धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ या काळात सामी आदिवासींनी उपोषणे केली, पोलिसांनी त्यांच्या समर्थकांना उचलून नेले, धरण झालेच. २०२१ साली फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले, कारण सामींच्या रेनडिअर चराईवर त्यांनी गदा आणली होती. त्याच सुमारास युरोपशी जोडलेल्या तारांमुळे दक्षिण नॉर्वेत विजेचे दर भडकले आणि शासनाला बिलांवर अनुदान द्यावे लागले. “नवीकरणीय” हा शब्द न्यायाची हमी देत नाही. हे पुढे कोयनेबाबत आठवा.

८. आता आपल्याकडे. नॉर्वेतील व्हेमॉर्कचे वीजगृह १९११ साली सुरू झाले. ते त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र. आपल्या खोपोलीचे टाटांचे वीजगृह १९१५ चे. अवघ्या चार वर्षांचे अंतर! मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडायचे, ही विद्या आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. “आपल्याला जमणार नाही” म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

९. मालकीचा प्रश्नही आपल्याकडे तेव्हाच उभा राहिला होता. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जगातील धरणविरोधी लढ्यांतील तो आरंभीचा लढा. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी, जमीन मावळ्यांची. नॉर्वेने हा प्रश्न कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. आपल्यावरच्या परकीय राजवटीने तो भूसंपादनाच्या कलमाखाली गाडला.

१०. रत्नागिरीचा एक धागा इथे जुळतो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते त्यांच्याकडे होते आणि त्यातच वीज हा विषय होता. १९४३ मध्ये त्यांनी धोरणसमितीपुढे नेमका प्रश्न ठेवला: वीज कोणाच्या मालकीची असावी, आणि ती मुबलक व स्वस्त कशी मिळेल? औद्योगिकीकरणाखेरीज या देशाच्या दारिद्र्याचे चक्र भेदता येणार नाही आणि स्वस्त विजेखेरीज औद्योगिकीकरण नाही, अशी त्यांची मांडणी होती. ज्या विचारातून १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि राज्यांची वीज मंडळे आली, त्याच्या पायात ही मांडणी आहे.

११. त्या विचाराचे मराठी मुलखातील सर्वांत मोठे फळ म्हणजे कोयना. टाटा कंपनीच्या काळातील पाहणी कागदावर राहिली होती. स्वातंत्र्यानंतर ती शासनाने हाती घेतली. १९६२ साली पोफळीत पहिली वीज निर्माण झाली. कोयना मूळची पूर्ववाहिनी, कृष्णेची उपनदी. तिचे पाणी शिवाजीसागरात अडवून, बोगद्यांतून सह्याद्रीच्या आरपार पश्चिमेला आणले. घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि पलीकडे जवळजवळ पावणेपाचशे मीटरचा उतार. आपला सह्याद्री म्हणजे उष्ण कटिबंधातले फ्योर्डच. फक्त बर्फाच्या जागी मृग नक्षत्र.

१२. शाळेतले भौतिकशास्त्र इथे उपयोगी पडते. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, ४७५ मीटर खाली आले की सुमारे १.३ युनिट ऊर्जा देते. यंत्रांतील घट वजा केली तर एक युनिटाहून थोडे अधिक हाती लागते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर; अर्थात तीन कोटी युनिटांच्या आसपास. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. गुणाकार आपण स्वतः करावा. इंधनाचा खर्च मात्र शून्यच लिहावा.

१३. दुसरा गुण भरवशाचा. कोळशाचे केंद्र थंड झाल्यावर पुन्हा पेटवायला तास लागतात; पोफळीची यंत्रे काही मिनिटांत पूर्ण भार उचलतात. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात, तेव्हा कोयना धावून येते. उद्या सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल, तसतसा हा गुण अधिकच मोलाचा ठरेल, कारण सूर्य मावळल्यावरची उणीव भरून काढणारे कोणीतरी लागतेच. नॉर्वेची धरणे उत्तर युरोपात हेच काम करतात.

१४. आणि हे ऐका. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट घडवून खालून बोगदा जोडण्यात आला. याला लेक टॅपिंग म्हणतात. आशियातील तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. २०१२ साली तो पुन्हा यशस्वी झाला. हे तंत्र विकसित झाले ते नॉर्वेत. म्हणजे नॉर्वेकडून आपण डोंगर फोडण्याची विद्या घेतली, पण तिच्याइतकीच महत्त्वाची असलेली कायद्याची विद्या घ्यायचे राहून गेले.

१५. कोयनेची गाथा निर्मळ नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या जागतिक अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून कायमचे नोंदले गेले. धरणाला तडे गेले, त्याचे मजबुतीकरण करावे लागले. विस्थापित झालेल्यांपैकी अनेकांच्या वारसांना आजही जमिनीसाठी धरणे धरून बसावे लागते. ज्यांच्या अंगणावर ही “महाराष्ट्राची भाग्यरेषा” ओढली गेली, त्यांच्या तळहातावर ती उमटली नाही. मालकी सार्वजनिक झाली, तरी वाटणी न्याय्य झाली नाही. नॉर्वेच्या दहा टक्क्यांची आठवण इथे बोचते.

१६. आता नदीच्या दुसऱ्या टोकाला चला. १९९१ च्या परकीय चलनसंकटानंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारले. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे तिचे मत होते. खासगीकरणाची भलामण करणाऱ्या बँकेनेही हात वर केले, तरी त्याच वर्षी ८ डिसेंबरला वीजखरेदी करारावर सह्या झाल्या.

१७. त्या कराराचे सार तीन ओळींत मावते. वीज घ्या अथवा घेऊ नका, स्थिर आकार द्यावाच लागेल. हिशेब डॉलरला बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार. इंधन आयातीचे; आधी नाफ्था, पुढे द्रवरूप नैसर्गिक वायू. नफा कंपनीचा, जोखीम मंडळाची. वर राज्य शासनाची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. नॉर्वेने १९०६ साली ज्या प्रकारच्या व्यवहाराची धास्ती घेतली, त्याहून कितीतरी एकतर्फी व्यवहार आपण १९९३ साली पेढे वाटून केला.

१८. कोणी सावध केले नव्हते का? केले होते. पुण्याच्या ‘प्रयास’मधील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराची आकडेवारी मांडून दाखवली. अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरातील ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. त्यांत कोळी स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि कोठड्या आल्या. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ साली आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली त्यावर अहवाल प्रसिद्ध केले. ज्यांना “अडाणी, विकासविरोधी” म्हटले गेले, त्यांचा हिशेब बरोबर होता. पदवीधर चुकले.

१९. राजकारणाने तर कमालच केली. १९९५ ची निवडणूक एन्रॉनला समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर लढली गेली. युतीचे सरकार आले, ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी होऊन तो पहिल्यापेक्षा मोठ्या आकारात परतला. करार करणारे एका पक्षाचे, वाढवणारे दुसऱ्या. म्हणून या थ्रेडखाली कोणत्याही एका झेंड्याची वकिली करू नये. दोन्ही हात सारखेच बरबटले आहेत.

२०. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांच्या आत काही महिन्यांत विजेचा दर प्रतियुनिट सात रुपयांवर गेला. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने करारप्रक्रियेवर कोरडे ओढले. मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले, केंद्र बंद पडले. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००५ साली सार्वजनिक कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने केंद्र पुन्हा उभे केले, तर काही वर्षांत देशी वायू आटला आणि यंत्रे पुन्हा ओस पडली. कोयनेचे पाणी मात्र या काळात रोज त्याच खाडीतून, त्या गप्प चिमण्यांसमोरून वाहत होते.

२१. ही एकट्या एन्रॉनची गोष्ट नाही. जयगडचे औष्णिक केंद्र बाराशे मेगावॉटचे. ते उभारले गेले समुद्रमार्गे येणाऱ्या आयात कोळशाच्या हिशेबावर. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, मूळ आराखड्यानुसार एकूण ९,९०० मेगावॉट, योजल्या आहेत. एप्रिल २०११ मध्ये त्या विरोधातील आंदोलनावर गोळीबार झाला, एक तरुण गेला. भट्टी आजवर उभी नाही. याच जातीची अणुभट्टी फिनलंडमध्ये, ओल्किलुओटो येथे, २००५ साली बांधायला घेतली. ती २००९ मध्ये सुरू व्हायची होती, ती नियमित चालू झाली २०२३ मध्ये. उत्तर युरोपाचा दाखला द्यायचाच, तर हाही द्यावा.

२२. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर साठ वर्षांत नाफ्था आला, वायू आला, कोळसा आला, युरेनियम येऊ घातले. प्रत्येकासोबत परकीय चलनाचे बिल आले. या जिल्ह्यात दरवर्षी आकाशातून फुकट पडणारे एकच इंधन आहे, आणि साठ वर्षे न चुकता चाललेले मोठे केंद्र त्याच्यावरचेच आहे.

२३. आक्षेप येतीलच. “महाराष्ट्राची लोकसंख्या बारा-तेरा कोटी, एक कोयना पुरेल का?” पुरणार नाही, आणि नवी मोठी धरणे बांधत सुटावे, असेही माझे म्हणणे नाही. “कृष्णेचे पाणी दुष्काळी पूर्वेला हवे.” हा वाद खरा आहे, म्हणूनच लवादाची मर्यादा आहे. “आइसलंडसारखी भूऔष्णिक वीज?” तुरळ, राजवाडी, अरवली, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे अशी गरम पाण्याची कुंडे आपल्याकडे आहेत, पण त्यांचे पाणी आइसलंडच्या वाफेइतके तप्त नाही. त्यावर आंबोशी आणि मासळी वाळवण्याचा विचार करता येईल. महानगर चालवण्याचे स्वप्न पाहू नये. माझा मुद्दा साधनाचा नाही, अटींचा आहे. उद्या सौरऊर्जा आली, तरी ती कोणत्या करारावर येते, हाच प्रश्न उरेल.

२४. आणि भरवसा केवळ निर्मितीने येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. ज्या तालुक्यातील सुपुत्राने स्वस्त आणि मुबलक विजेचा विचार देशाला दिला, त्या तालुक्यात खांब आडवे पडले होते. आणि त्याच जिल्ह्यातली पोफळी राज्याला वीज पुरवत होती. जिल्हा पुरवठादार आहे. पंगतीत मात्र त्याचे पान शेवटचे.

२५. मग मागायचे काय? तीन गोष्टी. एक: ज्या तालुक्यांचे पाणी, जमीन वा किनारा वीजकेंद्रासाठी वापरला जातो, त्यांना विजेतला हक्काचा वाटा कायद्याने मिळावा. हे परके खूळ नाही. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात स्थानिक विकासासाठी एक टक्का मोफत विजेची तरतूद आहेच, पण ती नव्या प्रकल्पांसाठी. पोफळीचे आणि पाटणचे काय? दोन: प्रत्येक वीजखरेदी करार सही होण्यापूर्वी संपूर्ण प्रसिद्ध व्हावा, मराठीत व्हावा. तीन: मुदत संपल्यावर प्रकल्प राज्याकडे परत येण्याची अट नव्या खासगी करारांत असावी.

२६. यांपैकी एकाही मागणीला धबधबा लागत नाही, बर्फ लागत नाही, लोकसंख्या कमी असावी लागत नाही. नॉर्वेने हे केले तेव्हा तो गरीब होता, नुकता स्वतंत्र झाला होता, आणि त्याच्याकडेही “गुंतवणूक पळून जाईल” असे बजावणारे पुष्कळ होते. गुंतवणूक पळाली नाही. अटी मान्य करून राहिली. श्रीमंती नंतर आली, कायदा आधी होता. आपण हा क्रम उलटा वाचतो आणि हताश होतो.

२७. पुढच्या वेळी गुहागरला गेलात, तर गोपाळगडाच्या तटावर जरूर उभे राहा. एका बाजूला एन्रॉनचे अवशेष म्हणावे असे ते प्रचंड केंद्र दिसेल, समोर खाडी. त्या खाडीत येणारे थोडे तरी पाणी कोयनेच्या खोऱ्यात पडलेले असते, डोंगराच्या पोटातून आलेले असते, कोणाच्या तरी घरातला दिवा लावून समुद्राला निघालेले असते. दोन्ही करारांची बिले आपणच भरली आहेत. कोणते पुन्हा भरायचे, ते ठरवण्याइतका इतिहास आता आपल्यापाशी आहे.

(समाप्त. आक्षेप अवश्य नोंदवा, सन-तारखेसह नोंदवलेत तर उत्तर देण्यास आनंद होईल. पुढील थ्रेड मुळशी सत्याग्रहावर.)

#रत्नागिरी #कोयना #इतिहास